बंदिवान आणि गाव : लोकमताचे मोजमाप

(निलंगा येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



न्यायालयाने दिलेली शिक्षा कोणत्या दिवशी संपणार, हे कारागृहाच्या नोंदवहीत लिहिलेले असते. त्या दिवशी दरवाजा उघडतो, बंद्याचे सामान व साठलेली मजुरी त्याच्या हाती पडते आणि कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटते. परंतु औराद शहाजानी, कासार सिरसी किंवा निलंगा तालुक्यातील एखाद्या लहानशा गावी परतणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते खरोखर मिटले की नाही, हे नोंदवही सांगू शकत नाही. सोयाबीनच्या काढणीला त्याला कोणी बोलावते की नाही, दुकानदार त्याच्या नावे उधारीचे पान उघडतो की नाही, शाळेत त्याच्या मुलाला कोणत्या नावाने चिडवले जाते आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत त्याला बसावयास सांगितले जाते की उभेच ठेवले जाते, यावर ते ठरत असते. म्हणून कैद्याकडे पाहण्याचा लोकांचा दृष्टिकोन हा केवळ मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय नव्हे. तो प्रशासनाचा आहे, शाळेचा आहे आणि पंचायतीचाही आहे.

असा दृष्टिकोन मोजता येतो काय? येत असल्यास कोणत्या साधनाने? आणि मोजून आलेल्या आकड्यावर भिस्त किती ठेवावी? या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

गावाचे मत विचारले जातेच

मते मोजणे ही परदेशी विद्यापीठांतील गोष्ट आहे, तिचा आपल्या गावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. वस्तुस्थिती अशी आहे की, गावाचे मत शासन वेगळ्या रीतीने पूर्वीपासून विचारीत आले आहे. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला कुटुंबाशी नाते टिकविता यावे म्हणून संचित रजा आणि घरातील आजारपण किंवा अन्य निकडीच्या कारणासाठी अभिवचन रजा मिळण्याची सोय आहे. १९५९ सालच्या नियमांपासून चालत आलेल्या या पद्धतीत बंद्याच्या अर्जावर त्याच्या गावच्या पोलीस ठाण्यामार्फत चौकशी होते. नातेवाईक जामीन राहावयास तयार आहेत काय, त्याच्या येण्याने सार्वजनिक शांततेस बाध येईल काय, हे पाहिले जाते. शांततेच्या कारणावरून पोलीस अधिकाऱ्याने शिफारस केली नाही, तर रजा नाकारली जाऊ शकते.

अशा चौकशीच्या अहवालात ‘गावात त्याच्याविषयी रोष आहे’ एवढे एक वाक्य आले, तर त्याचे वजन फार मोठे असते. परंतु हा रोष कोणाचा? ज्याच्या घरातील माणूस गेला त्या कुटुंबाचा, की पारावर बसलेल्या चौघांचा? तो गुन्ह्याविषयी आहे, की भावकीतील जमिनीच्या जुन्या वादाविषयी? की त्या माणसाच्या जातीविषयी? दोन वर्षांपूर्वी जेवढा होता तेवढाच आजही आहे काय? एका वाक्यात यांपैकी काहीच उमगत नाही. मोजमाप झालेले असते; मोजपट्टी मात्र कोणी पाहिलेली नसते. म्हणून मोजपट्टीचा विचार करणे भाग आहे.

मोजपट्टी कशी तयार होते

मनुष्याच्या मनात एखाद्या व्यक्तीविषयी, समूहाविषयी किंवा संस्थेविषयी अनुकूल वा प्रतिकूल असा जो काहीसा स्थिर कल असतो, त्यास मानसशास्त्रात अभिवृत्ती म्हणतात. अभिवृत्ती डोळ्यांना दिसत नाही, तरी ती मोजता येते, असे प्रतिपादन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२८ साली केले. त्यांची रीत परिश्रमाची होती; प्रत्येक विधान कितपत अनुकूल वा प्रतिकूल आहे हे आधी अनेक परीक्षकांकडून ठरवून घ्यावे लागे. १९३२ साली लिकर्ट यांनी सोपा मार्ग दाखविला. विषयासंबंधी काही विधाने मांडावयाची आणि प्रत्येकापुढे पाच उत्तरे ठेवावयाची : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. या उत्तरांना पाचपासून एकपर्यंत गुण द्यावयाचे व त्यांची बेरीज करावयाची. आज जगभर याच रीतीचा प्रघात आहे.

कैद्यांविषयीच्या अभिवृत्तीसाठी अशी एक मापनश्रेणी मेल्विन, ग्रॅम्लिंग व गार्डनर या तीन अमेरिकन संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. तिच्यात ३६ विधाने होती. काही कैद्यांना अनुकूल, काही प्रतिकूल. पुढे इतर देशांतही ती वापरली गेली. नॉर्वेमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन व्यापारविषयक शिक्षण घेणाऱ्यांपेक्षा अधिक अनुकूल आढळला. माणूस कोणत्या कामासाठी तयार होत आहे, याचा त्याच्या मताशी संबंध असतो, एवढे यावरून दिसते.

अनुकूल व प्रतिकूल विधाने मिसळण्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाच्या बोलण्याला मान डोलाविणे हा शिष्टाचार आहे. सारीच विधाने अनुकूल असतील, तर केवळ भिडेखातर ‘होय, होय’ म्हणणारा माणूस कैद्यांचा मोठा कैवारी ठरेल. म्हणून ‘शिक्षा भोगून आलेल्या माणसाला शेतावर कामास ठेवण्यास हरकत नाही’ या विधानाबरोबर ‘एकदा तुरुंग पाहिलेला माणूस पुन्हा सुधारत नाही’ हे विधानही हवे, आणि दुसऱ्या प्रकारच्या विधानांचे गुण उलट क्रमाने धरावयास हवेत. शिवाय एका विधानात एकच गोष्ट असावी. ‘कैद्यांना चांगले अन्न आणि कडक शिस्त मिळावी’ यावर कोणी ‘असहमत’ म्हटले, तर त्याचा विरोध अन्नाला आहे की शिस्तीला, हे कळावयास मार्ग नाही.

बेरजेलाही मर्यादा आहेत. समजा, विधाने २० आहेत. सर्वांत कमी गुण २० होतील व सर्वांत जास्त १००. एका गृहस्थाने प्रत्येक ठिकाणी ‘सांगता येत नाही’ म्हटले. त्याचे गुण ६०. दुसऱ्याने दहा विधानांना पाच-पाच व दहांना एक-एक गुण मिळतील अशी उत्तरे दिली; त्याचेही गुण ६०. पहिल्याने विचारच केलेला नाही. दुसऱ्याची मते ठाम आहेत, पण ती विषयागणिक वेगळी आहेत. कदाचित कैद्याला काम द्यावयास तो तयार आहे, शेजार द्यावयास नाही. आकडा दोघांचा एकच. यास्तव बेरजेबरोबर प्रत्येक विधानाचे उत्तर वेगळे पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

‘कैदी’ म्हणजे कोण?

याहून मोठी अडचण एका शब्दाची आहे. प्रश्नपत्रिकेत ‘कैदी’ असे लिहिले की उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? बहुधा वर्तमानपत्रात वाचलेला खुनी किंवा दरोडेखोर. प्रत्यक्षात देशातील कारागृहांत कोण असतात ते पाहावे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतील तीन, न्यायाधीन होती. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत प्रथमच आरोपी झालेल्या न्यायाधीन बंद्यास, गुन्हा मृत्युदंडाचा वा जन्मठेपेचा नसल्यास, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर बंधपत्रावर मुक्त करण्याची तरतूद आहे. अन्य गुन्हे प्रलंबित असल्यास तिला अपवाद आहेत. अशा रीतीने घरी आलेल्या माणसाला गाव ‘खडी फोडून आलेला’ म्हणत असेल, तर न्यायालयाने न दिलेली शिक्षा गावाने दिली असे होईल.

वास्तविक मराठवाड्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. १९३८ साली हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला तेव्हा आणि त्यानंतर १९४८ पर्यंत, स्वामी रामानंद तीर्थांपासून खेड्यांतील अनामिक कार्यकर्त्यांपर्यंत कितीतरी माणसे निजामाच्या तुरुंगात गेली. तुरुंगवास हा त्यांच्या नावाला लागलेला डाग ठरला नाही. उलट तो मानाचा ठरला. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. महाराष्ट्राच्या घराघरांत ही पुस्तके आदराने ठेवलेली आहेत. याचा अर्थ, लोकांची अभिवृत्ती गजांविषयी नसते. माणूस गजांआड का गेला, याविषयी ती असते. प्रश्न विचारणाऱ्याने हा भेद पुसून टाकता कामा नये.

याच्या उलट, काही माणसांच्या बाबतीत ‘का’ हा प्रश्न विचारलाच गेला नाही. ब्रिटिश अमलातील १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ साली असा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. कायदा गेला, संशय मात्र मागे राहिला. लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात हे जिणे मांडले. त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात कारागृहांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या पद्धतीवरही बोट ठेवले. तेव्हा लोकांचे मत मोजताना तीच विधाने दोन प्रकारे विचारून पाहणे उपयुक्त ठरेल : अर्ध्या लोकांना नुसते ‘शिक्षा भोगून आलेला माणूस’ असे म्हणून आणि अर्ध्या लोकांना ‘विमुक्त जमातीतील शिक्षा भोगून आलेला माणूस’ असे म्हणून. कोणास कोणती प्रश्नपत्रिका द्यावयाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. दोन्ही गटांच्या उत्तरांत जो फरक पडेल, तो गुन्ह्याचा नसेल.

बोलणे आणि वागणे

विधानावर खूण करणे सोपे असते. दारात उभ्या माणसाला उत्तर देणे अवघड असते. या दोहोंतील अंतराविषयी दोन प्रसिद्ध अभ्यास सांगण्याजोगे आहेत.

ला पिएर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० नंतरच्या काही वर्षांत एका चिनी दांपत्यासमवेत देशभर हिंडले. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयी तीव्र पूर्वग्रह होता. २५१ हॉटेले व उपाहारगृहांत ते गेले. एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून ‘आपण चिनी पाहुण्यांना प्रवेश द्याल काय’, असे विचारले. उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ असे कळविले. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माणसे बोलण्यात कठोर व वागण्यात सौम्य निघाली.

दुसरा अभ्यास सुटलेल्या कैद्यांविषयीचाच आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात समान पात्रतेचे तरुण नोकरीसाठी पाठविले; त्यांच्यापैकी काहींनी तुरुंगवासाची नोंद असल्याचे सांगावयाचे ठरले होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशी नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना मालकांकडून पुढचे बोलावणे आले. नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. कृष्णवर्णीय उमेदवारांत हेच प्रमाण १४ व ५ टक्के होते. म्हणजे तुरुंगात न गेलेल्या कृष्णवर्णीयाची गत तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्यापेक्षाही वाईट होती. पुढे त्याच मालकांना दूरध्वनीवरून विचारले, तेव्हा त्यांतील बहुसंख्यांनी असा माणूस ठेवावयास आपली तयारी असल्याचे सांगितले. सांगितलेली तयारी आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा मेळ मात्र बसला नाही. येथे माणसे बोलण्यात उदार व वागण्यात कठोर निघाली.

दोन अभ्यास, दोन उलट दिशा. यावरून मोजमाप व्यर्थ आहे असे ठरत नाही. ‘तुमचे मत काय’ या प्रश्नाबरोबर ‘तुम्ही काय कराल’ आणि शक्य तेथे ‘तुम्ही काय केले’ हेही विचारावयास हवे, एवढे ठरते.

अंतराची शिडी

यासाठी बोगार्डस यांनी १९२५ साली मांडलेली सामाजिक अंतराची कल्पना खेड्यात विशेष उपयोगी पडेल. परक्या समूहातील माणसाला आपण किती जवळ येऊ देतो, हे ते पायऱ्यापायऱ्यांनी विचारीत. त्याच धर्तीवर आपल्या भागाला साजेशी शिडी सहज करता येईल. शिक्षा भोगून आलेला माणूस गावात राहावयास हरकत नाही. आपल्या आळीत राहावयास हरकत नाही. त्याला रोजाने कामावर बोलावू. भजनाला त्याच्याशेजारी बसू. त्याला हातउसने देऊ. त्याच्या घरी सोयरीक करू. बहुतेक माणसे यांपैकी कोठेतरी थांबतील. ती कोणत्या पायरीवर थांबतात हे कळले, तर काम कोठे करावयाचे तेही कळेल. गाव पहिल्या पायरीवरच अडत असेल, तर प्रश्न सुरक्षिततेचा आहे व तेथे पोलिसांनी लक्ष घालावयास हवे. तिसऱ्या पायरीवर अडत असेल, तर तो रोजगाराचा आहे. सोयरिकीच्या पायरीवर मात्र कोणत्याही खात्याने आग्रह धरू नये. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.

प्रश्न कोण विचारतो, यालाही महत्त्व आहे. पोलीस पाटलांनी विचारल्यास एक उत्तर येईल, गुरुजींनी विचारल्यास दुसरे. घरातील पुरुष ओट्यावर बसलेले असता आतल्या स्त्रियांचे मत बाहेर येणार नाही. स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलणे योग्य. उत्तरपत्रिकेवर नाव नसावे. सर्वांत महत्त्वाचे असे की, पाहणी ‘अशा माणसाविषयी’ असावी, ‘अमक्याविषयी’ कधीही नसावी. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात शिक्षा भोगून आलेली माणसे एक-दोनच असतात. त्यांचे नाव घेऊन कौल लावल्यास ते मोजमाप राहणार नाही, ती दुसरी फिर्याद होईल.

पीडितांच्या घराचा विसर पडू नये. ज्या घराने माणूस गमावला, त्या घरातून आलेल्या कमी गुणांना पूर्वग्रह म्हणणे हा अन्याय होईल. भय, दुःख आणि पूर्वग्रह या तीन निराळ्या गोष्टी आहेत व चांगल्या प्रश्नपत्रिकेत त्यांच्यासाठी निराळी विधाने हवीत. कैद्यांविषयीचा दृष्टिकोन मोजणे म्हणजे गुन्ह्याविषयी सहानुभूती मागणे नव्हे.

परिचयाने पडणारा फरक

लोकांचे मत अचल असते काय? महाराष्ट्रातच याचे एक जुने उदाहरण आहे. औंध संस्थानात १९३९ साली, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतीची वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेली माणसे तेथे शेती करीत, आणि पुढे कुटुंबासह राहू लागली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. संस्थान विलीन झाले तरी ही वसाहत टिकली. पुढे येरवडा येथे १९५५ साली व आपल्या मराठवाड्यात पैठण येथे १९६८ साली खुली कारागृहे सुरू झाली. अशा ठिकाणी आसपासच्या लोकांना बंदी दिसतात ते शेतात राबणारी माणसे म्हणून. वर्तमानपत्रातून होणारी ओळख आणि बांधावरून होणारी ओळख यांत फरक आहे. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीने (१९८०–८३) सुटकेनंतरच्या देखभालीवर भर दिला, त्यामागे हीच जाणीव होती.

अलीकडचे उदाहरण पतपेढीच्या व्यवहारातले आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली ‘जिव्हाळा’ नावाची योजना येरवडा कारागृहात सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला त्याच्या तेथील मजुरीच्या आधारावर पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज घेऊन कुटुंबाची किंवा वकिलाच्या खर्चाची गरज भागविता येईल, अशी ही व्यवस्था होती. बँकेने येथे दयेचा हिशेब केला नाही. बंदी काम करतो, त्याला मजुरी मिळते, तो परतफेड करू शकेल, असा साधा हिशेब केला. सुटून आलेल्या माणसाविषयी गावानेही असाच हिशेब करावा : त्याला कोणते काम येते, कोण जामीन राहतो, वर्षभर तो कसा वागला.

आपल्या हातातील काम

निलंग्यासारख्या तालुक्यात या दृष्टीने काय करता येईल? येथे मोठा निधी किंवा नवे कार्यालय लागत नाही. महाविद्यालयातील समाजशास्त्र व मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली वीस विधानांची मराठी प्रश्नपत्रिका तयार करता येईल. ती परकीय श्रेणीचे भाषांतर नसावी. येथील बोलण्यातील शब्दांतून ती सिद्ध व्हावी. प्रथम पन्नास-साठ लोकांवर ती पारखून पाहावी आणि ज्या विधानांचा अर्थ माणसागणिक बदलतो ती गाळावीत. ‘कैदी’ हा शब्द सरसकट न वापरता न्यायाधीन, शिक्षा भोगणारा व सुटून आलेला असे तीन विभाग करावेत. मग चार-पाच गावांत ती वापरून निकाल गावानुसार नव्हे, तर एकत्रित जाहीर करावेत.

पंचायत सदस्यांचे काम याहून लहान, पण तातडीचे आहे. रजेच्या चौकशीसाठी कोणी आले आणि ‘गावाचे म्हणणे काय’ असे विचारले, तर एका शब्दात उत्तर देऊ नये. हरकत कोणाची आहे, कशाबद्दल आहे, पीडित कुटुंब काय म्हणते, जामीनदार कोण, हे वेगवेगळे सांगावे. एवढे केले तरी अहवालातील त्या एका वाक्याच्या जागी चार खरी वाक्ये येतील. शिक्षकांनी वर्गात बसलेल्या त्या मुलाकडे लक्ष द्यावे. वडिलांच्या शिक्षेत त्याचा काहीही वाटा नाही, आणि त्याला चिडविणाऱ्यांनी आपले मत घरीच ऐकलेले असते.

आणि पाहणी एकदा करून थांबू नये. दोन वर्षांनी तीच विधाने, त्याच गावांत पुन्हा विचारावीत. आकडा वर गेला की खाली, एवढेच न पाहता कोणत्या विधानाचे उत्तर बदलले ते पाहावे. ‘त्याला रोजाने कामावर बोलावू’ या विधानापुढील ‘सहमत’च्या खुणा वाढल्या, आणि काढणीच्या दिवसांत तसे बोलावणे खरोखर गेले, तर मोजमाप योग्य मार्गावर आहे असे समजावे.